चिल्ला, टाळेबंदी आणि दारातली भाकर

‘चिल्ला’ हा शब्द फारसी ‘चिहिल’वरून आला. चिहिल म्हणजे चाळीस. सुफी साधक चाळीस दिवस हुजऱ्यात स्वतःला कोंडून घेतो. कमी खातो, कमी झोपतो, कमी बोलतो आणि जिक्र करीत राहतो. याला चिल्ला म्हणतात. हिंदुस्थानी संगीताच्या घराण्यांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला. तबलजी, सारंगिये, गवई चाळीस दिवस खोलीबाहेर न पडता रियाज करीत, त्यालाही ते चिल्लाच म्हणत. २०२० मध्ये आमच्या खेड्यापाड्यांत पोहोचलेला ‘क्वारंटाइन’ हा शब्द व्हेनिसच्या बोलीतला. त्याचाही अर्थ चाळीस दिवस. प्लेगच्या काळात बंदरात आलेली गलबते चाळीस दिवस किनाऱ्यापासून दूर थांबवून ठेवत, त्यावरून तो रूढ झाला. आणि आपल्या देशातली टाळेबंदी? २५ मार्च ते १४ एप्रिल २०२० हे पहिले २१ दिवस. मग वाढवलेले ३ मेपर्यंतचे १९ दिवस. बेरीज ४०. पुढे ती आणखी लांबली, पण पहिले दोन टप्पे मिळून बरोबर चाळीस भरतात.

हा योगायोग आहे. त्यातून काही करामत शोधायची आमची इच्छा नाही. मात्र त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो इतकी वर्षे आमची पाठ सोडत नाही. दिवस तेच चाळीस, खोली तीच बंद. मग एकाला ती साधना का वाटते आणि दुसऱ्याला कैद का? फरक कशाने पडतो, माणसाच्या इराद्याने की त्याच्या घरातल्या पिठाच्या डब्याने?

या प्रश्नाचा विचार करायला आम्हाला शास्त्रीय गवयाचे घर हे सर्वांत योग्य ठिकाण वाटते. आम्ही लिंबागणेशसारख्या गावात राहतो, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या गावात ख्यालाची मैफल होत नाही. सप्त्यातला पखवाज, भालचंद्र गणेशाच्या देवळातली आरती, उरुसातली कव्वाली आणि लग्नातला बँड एवढेच संगीत आमच्या कानांवर लहानपणापासून पडले. बाकीचे आम्ही आधी रेडिओवर ऐकले, नंतर मोबाइलवर. तेव्हा गाण्याचे जाणकार म्हणून आम्ही बोलत नाही. रोज पंचवीस-तीस चेहऱ्यांसमोर उभे राहून ज्यांचे पोट भरते आणि ज्यांच्यासमोरचे चेहरे एका रात्रीत नाहीसे झाले, त्या लोकांपैकी एक म्हणून बोलतो. गवयाचे आणि मास्तरांचे दुःख तेवढ्यापुरते सारखे आहे.

टाळेबंदीत गवयाच्या घरात काय घडले? पहिली गोष्ट, त्याला वेळ मिळाला. हिंदुस्थानी रागांना प्रहर असतात. भैरव, ललत, तोडी सकाळचे, सारंग दुपारचा, मालकंस, दरबारी रात्रीचे. पण मैफली बहुतेक संध्याकाळी होतात आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. त्यामुळे सकाळचे राग आणि मध्यरात्रीचे राग दोन्ही मैफलीत दुर्मिळ झाले. टाळेबंदीत रस्ते शांत झाले, विमाने थांबली, आणि आपल्या खिडकीशी बसून फजरच्या वेळी ललत आणि रात्री एक वाजता दरबारी आळवणे गवयाला शक्य झाले. ज्यांच्या डोक्यावर छप्पर होते आणि गाठीशी चार पैसे होते, त्यांच्यासाठी हे दिवस खरोखर चिल्ल्याचे होते.

दुसरी गोष्ट, त्याची माणसे गेली. पंडित जसराज टाळेबंदीच्या वेळी अमेरिकेत न्यू जर्सीला होते, तिथेच अडकले. मुंबई हे त्यांचे घर, पण ते घर त्यांना पुन्हा दिसले नाही. नव्वदीतला हा गायक परदेशातल्या खोलीत बसून पडद्यावर शिष्यांना तालीम देत राहिला. १७ ऑगस्ट २०२० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणावे लागले. त्यांचे मेवाती घराणे घग्गे नजीर खाँ यांच्यापासून सुरू झाले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रामपूर-सहसवान घराण्याचे उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांनी १७ जानेवारी २०२१ रोजी मुंबईत वांद्र्याच्या घरी अखेरचा श्वास घेतला. ज्यांच्या दारात आयुष्यभर शागिर्दांची रीघ असायची, अशी ही माणसे. शेवटच्या काळात त्यांच्याभोवती घरची मोजकी माणसे आणि एक पडदा उरला.

या पडद्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यात एक मौज आहे आणि मौजेत थोडी जखमही आहे. मोबाइलवरून समोरासमोर बोलताना आवाज पोहोचायला सेकंदाचा छोटासा अंश जास्त लागतो. बोलण्यात तो जाणवत नाही. पण लयीत तो सगळे बिघडवतो. तबलजीने आपल्या घरी सम गाठली की ती गवयाच्या कानापर्यंत येईतो गवई पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे दोन घरांत बसलेले दोन कलावंत एकाच वेळी गाऊ-वाजवू शकत नाहीत. गुरूने आधी गायचे, थांबायचे, मग शिष्याने गायचे. दोन आवाज एकमेकांत मिसळणे, जे तालमीचे खरे मर्म, ते होतच नाही. दुसरी अडचण तंबोऱ्याची. संभाषणासाठी बनवलेली यंत्रणा पंख्याची घरघर, मोटारीचा आवाज असे सलग चालणारे आवाज गोंगाट समजून गाळून टाकते. तंबोऱ्याचा नाद सलग असतो. म्हणून ती तंबोराही गाळते! ज्या स्वरावर सगळी इमारत उभी करायची, तोच यंत्राला कचरा वाटतो. कलावंतांनी हळूहळू त्यावर उपाय शोधले, सेटिंग बदलायला शिकले. पण त्या काळातल्या जगाने साथीदाराशी जे केले, त्याचे चित्र या दोन गोष्टींत आम्हाला पुरेपूर दिसते. एकाची सम उशिरा पोहोचली आणि दुसऱ्याचा नाद गोंगाट ठरला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऐकणारा कोणी नसताना गायिलेले गाणे हे गाणे असते का?

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नव्हता. तो त्याच दिवसांत आपल्यापुढे दुसऱ्या रूपात उभा होता. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला तेव्हा मशिदींना कुलुपे होती. तरावीह घरी झाली, ईदची नमाजही २५ मे रोजी ईदगाहावर झाली नाही. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आमच्या गावात मशीद आणि भालचंद्राचे देऊळ एकाच वेळी बंद होते, एकाच वेळी उघडले. जमातीने अदा केलेल्या नमाजचे सवाब एकट्याच्या नमाजपेक्षा सत्तावीस पट, ही हदीस आपल्या घरांत पोरासोरांनाही पाठ असते. मग घरात एकट्याने पढलेल्या नमाजचे काय? उलेमांनी सांगितले, आणि योग्य सांगितले, की ती पूर्ण नमाज आहे. तिच्यात एकही रकात कमी नाही. शिवाय ज्याला मजबुरीने अडवले, त्याला तो एरवी करीत असलेल्या अमलाचे सवाब मिळत राहते. आजारी माणसाबद्दल, मुसाफिराबद्दल अशी हदीस आहेच. अमलांचा हिशेब इराद्यावर होतो.

गवयाच्या रियाजाला हा हिशेब लावून पाहिला तर उत्तर सोपे वाटते. एकट्याने गायिलेला राग पूर्ण राग आहे. त्यात एकही स्वर कमी नाही. मैफलीत दाद मिळते, डोलणारी मान दिसते, आणि त्यातून गवयाला अशा जागा सुचतात ज्या एकट्याला सुचत नाहीत; तो जादाचा हिस्सा जमातीच्या सवाबासारखा. पण मूळ फर्ज खोलीतच अदा होतो.

याचे जिवंत उदाहरण मुंबईत होते. अन्नपूर्णा देवी. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची ही लेक. जन्मनाव रोशनआरा, सूरबहार वाजवणारी. ऐन उमेदीत त्यांनी जाहीर वादन सोडले आणि पुढची कैक दशके ब्रीच कँडीजवळच्या आपल्या फ्लॅटमध्ये काढली. मैफल नाही, मुलाखत क्वचित, ध्वनिमुद्रण जवळपास नाहीच. १९७७ मध्ये पद्मभूषण मिळाले तरी त्या आपल्या उंबरठ्याआतच राहिल्या. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी, महामारीच्या दीड वर्ष आधी, त्या गेल्या. टाळेबंदीत लाखो लोकांनी जे काही महिने कसेबसे सोसले, ते त्यांनी अर्धे आयुष्य स्वतः निवडले होते. पण त्यांचे दार पूर्ण बंद नव्हते, हे विसरता कामा नये. हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य त्याच दारातून आत गेले आणि घडून बाहेर आले. श्रोता त्यांनी नाकारला, शागिर्द कधी नाकारला नाही. म्हणजे त्यांच्या एकांतालाही दुसरे माणूस लागत होते.

इथे आमचे उत्तर अडते. इरादा पुरेसा आहे असे म्हणून आम्ही थांबलो असतो, पण इराद्याचा हिशेब अल्लाहच्या दरबारात चालतो, किराणा दुकानात चालत नाही. आजारी माणसाला त्याच्या रोजच्या इबादतीचे सवाब मिळत राहते. आजारी तबलजीला रद्द झालेल्या मैफलीची बिदागी कोणी देत नाही.

आमच्यासारख्यांचे बरे होते. मार्च २०२० चा पगार राज्य सरकारने दोन टप्प्यांत दिला, त्याची आम्हा शिक्षकांत बरीच चर्चा झाली. पण दुसरा टप्पा येणार हे आम्हाला ठाऊक होते. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेखाली आम्ही फोनवर धडे पाठवत होतो. ज्या घरात फोनच नाही त्या घरातले मूल आम्हाला दिसत नव्हते, तरी पगार होत होता. त्याच वेळी आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या थळांवर अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्यात सरकारने त्यांना परतायची परवानगी दिली. ते आले आणि गावाच्या वेशीवर पुन्हा थांबवले गेले, काही शाळेच्या खोल्यांत, काही शेतातल्या झोपड्यांत. त्यांना कोणी विचारले असते की हा तुमचा चिल्ला आहे का, तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

चिल्ल्याबद्दल एक साधी गोष्ट आपण बोलताना गाळतो. चाळीस दिवस हुजऱ्यात बसलेल्या दरवेशाला कोणीतरी दारात भाकर आणून ठेवत असते. पाण्याचा बधना भरत असते. उस्ताद चाळीस दिवस रियाज करतो तेव्हा त्याची आई, त्याची बीबी किंवा एखादा धाकटा शागिर्द चुलीपाशी असतो. तजकिरे आणि चरित्रे आतल्या माणसाबद्दल लिहितात, दारापर्यंत भाकर नेणाऱ्या हाताचे नाव कुठे सापडत नाही. पण तो हात नसेल तर चिल्ला तिसऱ्या दिवशी उपासमार होतो. आमच्या मते साधना आणि कैद यांतला फरक इथे आहे. इरादा साधकाचा असतो, पण त्या इराद्याला जागा करून देणारी भाकर दुसऱ्याची असते.

मग टाळेबंदीत गाण्याच्या जगात दारात भाकर कोणाच्या आली आणि कोणाच्या आली नाही?

ज्यांचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, त्यांच्याकडे बहुधा शिल्लक होती. तबलजी, संवादिनीवादक, सारंगिये, तंबोऱ्यावर बसणारी मुले, ध्वनिक्षेपक सांभाळणारा, सतरंज्या टाकणारा यांचे पोट कार्यक्रमागणिक चालते. पुण्यात १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्वांचा महोत्सव २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षे झाला नाही. तो पुन्हा भरला डिसेंबर २०२२ मध्ये. एवढ्या मोठ्या उत्सवाची ही गत, तर तालुक्याच्या गावातल्या छोट्या सभांची काय कथा. आणि जे कार्यक्रम फोनवरून झाले, त्यांत गवई एकटाच. तंबोऱ्याच्या जागी मोबाइलमधला तंबोरा, तबल्याच्या जागी यंत्रातला ठेका. ऐकणाऱ्याला ते बहुतेक फुकट मिळाले आणि त्याने मनापासून वाहवा केली. त्या फुकटपणात कोणाची रोजी बुडाली, हे पडद्यावर दिसत नव्हते.

मिरजेचे उदाहरण घ्या. तिथे सतारमेकर हे आडनावच आहे. पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवणारी, बहुतांशी मुस्लिम, अशी ही घरे. भोपळा निवडणे, तो वाळवणे, लाकडाची तबकडी बसवणे, जवारी लावणे, ही सगळी हातांची आणि कानांची विद्या. देशभरातले गवई आपला तंबोरा मिरजेहून आणतात. याच गावात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. मिरजेत असे सांगतात, की खाँसाहेब प्लेगच्या साथीत आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाण्यातून दुआ मागितली आणि ते बरे झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्रवासात त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेला दर्ग्याच्या आवारातच आहे. त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी मोठमोठे कलावंत येऊन हजेरी लावतात. ज्या गावाच्या संगीताची कहाणी एका साथीतून वाचलेल्या गळ्याशी जोडलेली आहे, त्या गावात नव्या साथीने वाद्यांची गिऱ्हाइके थांबवली. मैफली बंद, संगीतवर्ग बंद, वाहतूक बंद, मग नवा तंबोरा कोण घेणार? पुढे २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ती अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकन वाद्याला मिळते, हाताला रोज काम लागते.

आमच्याकडचे चित्र याहून वेगळे नाही, फक्त नावे लहान आहेत. एप्रिल आणि मे हे लग्नसराईचे महिने. बँडवाला, सनईवाला, हलगीवाला यांची वर्षाची कमाई या दोन महिन्यांत होते. कव्वालीच्या पार्टीची उरुसांत होते. २०२० चे ते दोन्ही महिने कोरडे गेले आणि २०२१ चे एप्रिल-मे दुसऱ्या लाटेने नेले. रमजानमध्ये गावोगाव रेशनचे किट वाटले गेले, फित्रा आणि जकात काढणाऱ्यांनी याद्या केल्या. त्या याद्यांत मजूर होते, विधवा होत्या, आणि ते रास्तच होते. पण क्लॅरिओनेट वाजवणारा माणूस यादीत आपणहून नाव घालत नाही. त्याचा कार्यक्रमाचा कोट अजून खुंटीवर असतो. आपण अशाला सफेदपोश म्हणतो. खर्चाच्या आदेशात कुराणने अशा माणसांची वेगळी आठवण ठेवली आहे, जी मागत नाहीत आणि त्यांच्या संयमामुळे अजाण माणूस त्यांना सधन समजतो. कलावंत हा जवळजवळ नेहमीच असा सफेदपोश असतो. लोकांसमोर नीटनेटके दिसणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

इथे आमचे काही वाचक दोन हरकती घेतील. दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिली हरकत अशी, की गाणे-बजावणे मुळात जायज आहे का याबद्दलच आपल्यात मतभेद असताना गवयाची एवढी फिकीर कशाला? समाबद्दल सुफी आणि उलेमा यांच्यात शतकानुशतके वाद झाला आहे आणि तो मिटवण्याची आमची पात्रता नाही. पण भूक लागलेल्या माणसाला त्याचा धंदा विचारून जेवू घालायचे, अशी रीत आम्हाला कोणी शिकवली नाही. शेजाऱ्याचा हक्क सांगताना तो काय वाजवतो याची अट कुठे घातलेली नाही. ज्यांना सारंगी पसंत नाही, त्यांनाही सारंगियाचे मूल उपाशी झोपलेले पसंत नसणार, अशी आमची खात्री आहे.

दुसरी हरकत अधिक जड आहे. ८ मे २०२० च्या पहाटे आपल्याच मराठवाड्यात, करमाडजवळ, रेल्वेच्या रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी आपल्या गावाकडे निघालेली ही माणसे. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरलेल्या होत्या. असल्या दिवसांत कोण कुठे ललत आळवीत होता याची चर्चा करणे हा निर्लज्जपणा नाही का?

आम्ही या प्रश्नापुढे बराच काळ थांबलो. गाण्याने ती गाडी थांबली नसती, हे खरे आहे. पण गाणे थांबवल्यानेही ती थांबली नसती. शोक करणाऱ्या माणसालाही सूर लागतो. मोहर्रममध्ये मर्सिया कशासाठी असतो, गावात मयताच्या घरी रात्रभर भजन का चालते? तेव्हा अशा दिवसांत गावे की गाऊ नये, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. गाणाऱ्याचा कान बाहेर आहे की फक्त आत आहे, हे आम्ही विचारू. स्वतःचा गळा ऐकता ऐकता ज्याला रस्त्यावरची पावले ऐकू आली, त्याचा रियाज त्या दिवसांतही हलाल होता. ज्याने खिडकी लावून घेतली आणि तिला साधना म्हटले, त्याला आम्ही फक्त एवढे म्हणू की खिडकी लावण्याइतकी सवड सगळ्यांना नव्हती.

शंभर वर्षांपूर्वीच्या एका साथीत एका उस्तादाने काय केले, ते इथे सांगण्यासारखे आहे. अन्नपूर्णा देवींचे वडील अल्लाउद्दीन खाँ मैहरच्या राजाच्या पदरी होते. १९१८ च्या सुमारास साथीने तिथे अनेक मुले पोरकी केली. खाँसाहेबांनी ती मुले गोळा केली आणि त्यांना वाद्ये शिकवली. त्यातून मैहर बँड उभा राहिला. त्यासाठी त्यांनी बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे नलतरंग हे नवे वाद्यही बनवले. हा तोच माणूस, जो रियाजात इतका कडक होता की त्याच्या तालमीच्या गोष्टी ऐकून आजही शागिर्द कानाच्या पाळ्या धरतात. चिल्ल्याची महती त्याला कोणी सांगायला नको होती. पण साथ आली तेव्हा त्याने खोलीचे दार उघडले. त्या पोरक्या मुलांना दया म्हणून चार दिवस जेवू घालणे सोपे होते. त्याने त्यांना हातात कसब दिले, म्हणजे आयुष्यभराची भाकर दिली. वडिलांनी दार उघडले, लेकीने ते लावून घेतले तरी शागिर्दापुरते किलकिले ठेवले. दोघांची साधना खरी होती, कारण दोघांनीही आपल्या एकांतातला एक वाटा दुसऱ्यासाठी राखला.

म्हणून आमचे उत्तर असे. बंद खोलीला चिल्ला बनवतो तो आतल्या माणसाचा इरादा. पण चिल्ल्याला न्याय्य बनवते ती दाराबाहेरच्या माणसाची आठवण. एकटे गाणे पूर्ण गाणे आहे, जशी एकटी नमाज पूर्ण नमाज आहे. तरी जमातीचा दर्जा मोठा का सांगितला गेला? आम्हाला वाटते, शेजारी खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस आज आला नाही, हे सफेत उभे राहिल्यावरच कळते. रिकामी जागा जमातीतच दिसते. घरातल्या मुसल्यावर ती दिसत नाही. टाळेबंदीतल्या गवयाला, आणि आम्हा मास्तरांनाही, ती रिकामी जागा मनाने पाहावी लागली. काहींनी पाहिली आणि साथीदाराच्या घरी मुकाट्याने पैसे पोहोचते केले. त्यांनी ते सांगितले नाही, म्हणून आम्हीही नावे शोधत बसत नाही.

आता सभागृहे भरू लागून बरीच वर्षे झाली. उरूस भरतात, वराती निघतात, देवळात सप्ते होतात. मात्र त्या दिवसांतली एक सवय मागे राहिली आहे. यंत्रातला तंबोरा आणि यंत्रातला ठेका तेव्हा मजबुरी होते, आता ते काटकसर झाले आहेत. शिकवणीला तबलजी बोलावण्याऐवजी मोबाइल पुरतो, लग्नात बँडऐवजी डीजे पुरतो. जे आजाराने दोन वर्षे केले ते आता सोयीने कायमचे होऊ घातले आहे. यावर सरकारने काय करावे ते सरकार पाहील. आपल्या हातात एक लहान काम आहे. घरी लग्न असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, की गावचा उरूस, वाजवणारा माणूस बोलवावा. पत्रिकेवर गाणाऱ्याच्या नावाखाली साथ करणाऱ्याचेही नाव छापावे. आणि कार्यक्रम संपल्यावर त्याची बिदागी त्याच्या हातात, त्याच रात्री, ठेवावी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी असे आपल्याला शिकवले आहे, आणि तबलजीलाही घाम येतो.